खातेदाराचं नाव काय?

कुठल्याही कारकुनाला विचारा, कागदावरची सर्वांत महत्त्वाची जागा कोणती? तो मान वर न करता सांगेल, नावाची. रकमेचं एवढं काही नसतं. रक्कम चुकली तर खोडून शेजारी सही मारता येते. पण पैसे भलत्याच्या नावावर जमा झाले की तीन पिढ्यांची भांडणं लागतात. मी गेली एकवीस वर्षं काउंटरमागे बसून हेच एक काम करतो आहे. जे ज्याचं असेल ते त्याच्या नावावर टाकायचं. बी.कॉम.च्या सेकंड क्लासवर याहून जास्त काही करता येत नाही, आणि करायला जाऊही नये असं आमच्या मॅनेजरांचं मत आहे.

असा माणूस चित्रकलेविषयी बोलणार म्हटल्यावर जाणकार मंडळी कपाळाला हात लावतील. लावू देत. माझी चित्रकला पाचवीत संपली. मी काढलेल्या आंब्याला मास्तरांनी 'वांगं बरं आहे' असा शेरा देऊन दहापैकी चार मार्क दिले, तिथेच. पण माझी तक्रार रंगांबद्दल नाही, रेषांबद्दल नाही. ते तुमचं तुम्ही बघा. माझी तक्रार खतावणीबद्दल आहे. चित्रांच्या दुनियेत जमाखर्च इतका गबाळा ठेवलेला आहे की आमच्याकडे असता, तर ऑडिटरने सगळा स्टाफ घरी बसवला असता.

पहिली नोंद घ्या. हातात दिवा घेतलेली बाई. हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. न पाहिलेला मराठी माणूस अजून मला भेटायचा आहे. एका हातात दिवा, वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा उजेड आणि त्या उजेडात उजळलेला चेहरा. दवाखान्यात हे चित्र असतं, कार्यालयात असतं, दिवाळीच्या भेटकार्डावर असतं, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर असतं. गिरगावातल्या चाळी एकेक करून पडल्या नि टॉवर उभे राहिले, तरी खोलीतून फ्लॅटमध्ये जाताना पाटा-वरवंटा मागे ठेवून हे चित्र तेवढं बरोबर नेलेली कुटुंबं मला ठाऊक आहेत.

आता विचारा, चित्र कुणाचं? दहातले आठ जण छातीठोकपणे सांगतील, "राजा रविवर्मा!"

मागे एलएफसी घेऊन आम्ही म्हैसूरला गेलो होतो. मूळ चित्र तिथल्या जगनमोहन राजवाड्याच्या कलादालनात आहे. आमच्या बसमध्ये एक सर्वज्ञ गृहस्थ होते. प्रत्येक बसमध्ये असा एक असतोच, तिकिटातच मिळतो. ते चित्रासमोर उभे राहून साऱ्या कुटुंबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रविवर्मा. ऑइल पेंटिंग." तीन शब्द आणि दोन चुका! आमच्याकडे एवढ्या वेगाने चुका करायला नवीन शिकाऊ लागतो.

चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं आहे. जन्म १८८२, गाव सावंतवाडी. शिकले आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली, १९१८ साली इतर चित्रकारांच्या बरोबरीने 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' उभी केली आणि १९६८ साली ते गेले. दिव्याचं चित्र त्यांनी काढलं १९४०च्या दशकात. रविवर्मा वारले १९०६च्या ऑक्टोबरात. म्हणजे जो गृहस्थ जाऊन तीन तपं उलटून गेली, तो म्हणे हे चित्र काढतो! मयत खातेदाराच्या सहीचा चेक आमच्याकडे आला तर आम्ही पोलिसांना फोन करतो. इथे मात्र सगळे हात जोडून तो वटवतात.

रविवर्म्याशी माझं काही वैर नाही. असेल कसं? १८९४ साली त्याने आपला शिळाछापखाना काढला तो आमच्या गिरगावातच. पुढे तो घाटकोपरला गेला, तिथून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजोबांच्या खोलीतली लक्ष्मी आणि सरस्वती त्या छापखान्याच्या पुण्याईने भिंतीवर आल्या. देवळात आत जायची ज्यांना बंदी होती, त्यांच्याही घरात देव आला तो या छापील कागदावरून. केवढं मोठं खातं! पण ज्याच्या खात्यात इतकी शिल्लक आहे, त्याच्या नावावर सावंतवाडीच्या माणसाची आयुष्याची ठेव कशाला वळती करायची? आणि चूक समजावून सांगावी तर उत्तर काय मिळतं? "जाऊ द्या हो, चित्र छान आहे ना!" साहेब, उद्या तुमचा पगार माझ्या खात्यात पडला आणि मी म्हटलं, "जाऊ द्या हो, रक्कम छान आहे ना!" तर?

शिवाय ते ऑइल पेंटिंग नव्हे, जलरंग आहे, आणि यात सगळी मेख आहे. तेलरंगात चुकलं तर वरून थापता येतं. जलरंगाला खाडाखोड चालत नाही. एकदा कागदावर पाणी गेलं की गेलं. त्यात उजेड रंगवायचा नसतो, सोडायचा असतो. जिथे प्रकाश हवा तिथला कागद राखायचा आणि भोवती अंधार चढवत न्यायचा. हळदणकरांनी दिव्याभोवतीचा अंधार असा काही चढवला आहे की बघणारा हळूच फ्रेमच्या मागे दिवा लावलाय का ते बघतो. मी स्वतः एका सद्गृहस्थाला वाकून बघताना पाहिलं आहे. खोडरबर न वापरता एवढा मोठा हिशेब जुळवणाऱ्या माणसाचं नाव विसरणं हे कारकुनाच्या मनाला फार लागतं.

इथपर्यंत जाणकार माझ्या बाजूला असतात. "बरोबर आहे, हळदणकरच!" म्हणून माना डोलावतात. आता दुसरी नोंद काढतो. माना कुठे जातात ते बघा.

दिवा धरून उभी कोण आहे?

ती चित्रकाराची मुलगी. नाव गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. राहायच्या कोल्हापूरला. वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या २०१८ साली, तोही ऑक्टोबरातच. म्हणजे इतकी वर्षं हे चित्र देशभर भिंतीभिंतीवर टांगलेलं होतं, लोक त्याला उदबत्ती ओवाळत होते, आणि त्यातली बाई कोल्हापुरात हयात होती. चार जणांना ठाऊक होतं, उरलेल्या देशाने विचारलंही नाही. चित्राचं इंग्रजी नाव 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा प्रकाश. काय गंमत आहे बघा, उभी राहिली गीता आणि नाव लागलं आशेचं! आमच्याकडे याला केवायसीमधली तफावत म्हणतात आणि खातं गोठवतात.

हा मुद्दा मी आमच्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांपुढे मांडला. मास्तर म्हणजे चालतंबोलतं जे. जे. ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "अहो बँकवाले, मॉडेल हे निमित्त असतं. कोण बसलं याला कलेत महत्त्व नाही. आकार महत्त्वाचा. फ्रेंचांकडे बघा. सेझान! स्वतःच्या बायकोला सफरचंदासारखी बसवायचा!"

मास्तरांनी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, हे सफरचंद आपण जरा कापून बघू. वाचनालय गाठलं, चार पुस्तकं उलटली, आणि जे वाचलं ते वाचून मी त्या फ्रेंच बाईच्या वतीने दावा लावायच्या विचारात आहे.

पॉल सेझान हा आधुनिक चित्रकलेचा मूळपुरुष. जन्म १८३९, मृत्यू १९०६चा ऑक्टोबर. म्हणजे रविवर्मा आणि हा एकाच महिन्यात गेले. आता लक्ष देऊन ऐका. याचा बाप बँकवाला होता! आधी टोप्या विकायचा, मग १८४८ साली एक्स गावात बँक काढली. म्हणजे आधीही लोकांना टोप्या घालत होता आणि नंतरही. मुलाला त्याने कायदा शिकायला घातलं, मुलाने ब्रश धरला. बापाने दरमहा पैसे पाठवायचं कबूल केलं, त्यावर चिरंजीव पॅरिसला राहिले. तिथे १८६९ साली त्याची ओर्तांस फिके या मुलीशी ओळख झाली. वय एकोणीस, घरची गरीब, पुस्तकबांधणीचं काम करणारी. १८७२ला मुलगा झाला. आणि या पठ्ठ्याने बायको आणि मुलगा, दोन्ही रकमा बापापासून लपवून ठेवल्या! का? तर भत्ता बंद होईल म्हणून. एक नाही, दोन नाही, वर्षानुवर्षं. १८७८ साली बापाने मुलाच्या नावचं एक पत्र परस्पर फोडलं, त्यात बायकोमुलाचा उल्लेख निघाला. तरी चिरंजीव कानावर हात! बापाने भत्ता छाटला. तेव्हा ओर्तांसला महिना साठ फ्रँक पाठवले ते एमिल झोलाने, नवऱ्याच्या शाळासोबत्याने. काही महिने त्या पोराचं दूध कादंबरीच्या मानधनावर निघालं.

लग्न लागलं १८८६च्या एप्रिलात, मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाप वारला आणि पैसा मोकळा झाला. या माणसांचं नि ऑक्टोबरचं काय नातं आहे ते एकदा ज्योतिषाला विचारलं पाहिजे.

बरं, या साऱ्या काळात ओर्तांसबाई करत काय होत्या? बसल्या होत्या. शब्दशः बसल्या होत्या! नवऱ्याने त्यांची सुमारे एकोणतीस तैलचित्रं काढली. लाल खुर्चीत बसलेल्या, हरितगृहात बसलेल्या, लाल झग्यात बसलेल्या, हात मांडीवर, मान सरळ, नजर समोर. आणि सेझानचा हात किती चालायचा? याचा पक्का पुरावा आहे. १८९९ साली व्होलार नावाचा चित्रांचा व्यापारी त्याच्यासमोर बसला. स्वतः व्होलारने लिहून ठेवलं आहे की एकशे पंधरा बैठका झाल्या. मध्येच त्याला डुलकी लागून तो खुर्चीसकट खाली आला, तर सेझान त्याच्यावर खेकसला की सफरचंद कधी हलतं का? आणि एवढं करून शेवटी म्हणाला काय, तर सदऱ्याचा पुढचा भाग बरा जमलाय!

आता मी कारकून आहे, त्यामुळे गुणाकार केल्याशिवाय मला झोप येत नाही. एकशे पंधरा जाऊ द्या, बायकोला घरचा डिस्काउंट म्हणून चित्रामागे वीसच बैठका धरा. एकोणतीस गुणिले वीस, पाचशे ऐंशी. बैठक फक्त दोन तासांची धरा. अकराशे साठ तास! आठ तासांच्या ड्यूटीने एकशे पंचेचाळीस दिवस. रविवार-सुट्ट्या जमेस धरल्या तर सहा-सात महिन्यांची बिनपगारी नोकरी, न हलता. हा माझा अंदाज आहे आणि तोही हात राखून केलेला. युनियनच्या कानावर गेलं तर गेटवर घोषणा होतील.

आणि मोबदला? एकशे पंधरा वेळा बसून खाली पडलेल्या व्होलारने त्यावर पुस्तक लिहिलं, नाव कमावलं. एकोणतीस चित्रांना बसलेली बाई एकदाही पडली नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायला कुणाला काही सापडलं नाही. नवऱ्याच्या मित्रांनी तिला नाव ठेवलं 'चेंडू'. समीक्षकांनी लिहिलं, बाई घुम्या दिसतात, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. अहो, तुमच्या आधार कार्डावरचा फोटो काढा नि बघा! एका मिनिटात काढलेल्या फोटोत आपण नुकतेच फरार झाल्यासारखे दिसतो. ही बाई तासन् तास बसायची, आणि हसू हवंय! हसू म्हणजे काय फिक्स डिपॉझिट आहे का, एकदा ठेवलं की मुदत संपेपर्यंत तसंच राहायला?

नवरा म्हणे म्हणायचा, हिला दोनच गोष्टींची आवड, स्वित्झर्लंड आणि लिंबाचं सरबत. टीका म्हणून सांगतात ही गोष्ट. मला तर दोन्ही आवडी उत्तम वाटतात. आमच्याकडे महाबळेश्वर आणि कोकम सरबत म्हणतात आणि त्याबद्दल कुणी बाईला नावं ठेवत नाही. आणि शेवटची नोंद तर अशी की १९०२ साली सेझानने मृत्युपत्र केलं ते सगळं मुलाच्या नावे. बाईंचं नाव नॉमिनीतसुद्धा नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत तिची चित्रं आहेत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नुसती तिचीच चित्रं गोळा करून प्रदर्शन भरवलं. प्रत्येक चित्राखाली पाटी काय? 'मादाम सेझान'. म्हणजे सौ. सेझान. जेव्हा ती सौ. झालीच नव्हती आणि हा बापाला सांगायला घाबरत होता, त्या काळातल्या चित्रांखालीसुद्धा सौ. सेझान!

हे सगळं मी मास्तरांना ऐकवलं. मास्तर मोठा माणूस, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण त्याने तिला सफरचंद केलं म्हणून तर चित्रकला पुढे गेली. गोड चेहरे काढणारे हजार होते."

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. सेझानला गोड बायको काढायची नव्हती, घट्ट, भरीव, टिकाऊ असं काही काढायचं होतं. ते त्याने काढलं आणि पुढच्या सगळ्या चित्रकारांनी त्याच्या शिलकीवर संसार केला. कबूल. पण मग हिशेब पुरा करा ना! असं काढायला वर्षानुवर्षं समोर तोच चेहरा, न कुरकुरता, न हलता हजर लागतो. भाड्याची मॉडेल परवडत नव्हती आणि परक्या बायकांसमोर हा बुजायचा. म्हणजे नव्या चित्रकलेच्या कंपनीत पहिलं भागभांडवल कुणाचं? त्या बाईचं. सफरचंद बाजारातून आणता येतं, तीन दिवसांनी सडतं, दुसरं आणतात. बायको सडली नाही, उठून गेली नाही, हा तिचा गुण की फळाचा?

दुसरा आक्षेप थेट घरातलाच आहे. लोक म्हणतात, "घरच्या माणसाचं कसलं नाव आणि कसले आभार? बापासाठी मुलगी उभी राहिली, नवऱ्यासाठी बायको बसली, यात विशेष ते काय?" मंडळी, साऱ्या भानगडीचं मूळ इथे आहे. घरात जे केलं जातं ते आपण खर्चातही धरत नाही नि जमेतही धरत नाही. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, प्रत्येक नावेला जमा हवीच, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. घरोघरच्या वह्यांत एक बाजू कोरी सोडून आपण 'जुळलं, जुळलं' म्हणत बसलो आहोत. आणि गंमत म्हणजे हळदणकर काही सेझान नव्हेत. त्यांनी मुलीला कुणापासून लपवली नाही. उलट सगळं कौतुक ओतून उजेडात उभी केली. तिला अंधारात परत नेली ती आपण, पाटी लावताना, कॅलेंडर छापताना, 'रविवर्मा' म्हणून फ्रेम विकताना.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हे चित्र छापणाऱ्याने, टांगणाऱ्याने, विकणाऱ्याने खाली दोन ओळी टाकाव्यात. पहिली ओळ, चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. दुसरी ओळ, दिवा धरून उभ्या त्यांच्या कन्या गीता. शाईचा खर्च जेमतेम दोन पैसे. फ्रेंच सरकारलाही लिहिणार होतो की 'मादाम' खोडून 'ओर्तांस फिके' लिहा, पण त्यांचा पत्ता आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही.

सुरुवात घरातून करावी म्हणून गेल्या रविवारी आमच्या भिंतीवरच्या चित्राखाली मी या दोन ओळींची चिठ्ठी चिकटवली. अक्षर बँकेचं असल्यामुळे सुवाच्य आहे. आमच्या हिने ती लांबून वाचली, जवळ येऊन वाचली. मला वाटलं आता डोळे पाणावणार.

"अहो, चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण ती पोर तिकडे दिवा धरून उभी होती, तेवढा वेळ घरात चुलीवरचं दूध कोण बघत होतं? तिची आई असेल ना? तिचं नाव काय?"

चिठ्ठीत एका ओळीची जागा अजून शिल्लक आहे. ती कोरी ठेवली आहे.